सांध्याला आधार द्या, हात ओढू नका: नर्सिंग लॅबमधल्या पूर्णाकृती बाहुलीची निगा

आमच्या लॅबमधल्या बाहुलीचा उजवा खांदा निखळला तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला तीन दिवस उरले होते. संध्याकाळी एक मुलगी एकटीच सराव करत होती. बाहुली पलंगावर खाली घसरली होती, तिला उशीपर्यंत वर घ्यायचं होतं. मदतीला कुणी नाही, म्हणून तिने बाहुलीचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. काडकन आवाज झाला आणि अख्खा हात तिच्या हातात आला. ती रडायलाच लागली. मी तिला रागावू शकले नाही. पेशंटला हाताला किंवा बगलेत धरून ओढायचं नाही, हे मी वर्गात दहा वेळा सांगितलं होतं. बाहुलीला कसं धरायचं, हे मात्र एकदाही करून दाखवलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी बाहुलीच्या सांध्यांकडे नीट पाहायला लागले. आधी चंद्रपूरच्या उन्हाळ्यात आणि नंतर कोकणातल्या पावसात अशा बाहुल्या सांभाळल्या, उघडल्या, पुन्हा जोडल्या. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. पेशंटचा सांधा जसा धरायचा तसाच बाहुलीचा धरला, तर बाहुली वर्षानुवर्षं टिकते आणि मुलींच्या हातांना तीच सवय लागते. बाहुलीला ‘ती काय, प्लॅस्टिकच आहे’ म्हणून वेगळ्या पद्धतीने हाताळलं की दोन्हीकडे नुकसान होतं. हा लेख लॅब सांभाळणाऱ्या ट्यूटर, लॅब असिस्टंट आणि प्रथमोपचार शिकवणाऱ्या सगळ्यांसाठी आहे.

नर्सिंगच्या शिक्षणात पूर्णाकृती बाहुली आली त्याला शंभरहून जास्त वर्षं झाली. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड हॉस्पिटलच्या परिचारिका प्रशिक्षण शाळेत तेव्हा पेंढा भरलेल्या पुतळ्यावर सराव चाले. शाळेच्या प्रमुख लॉडर सदरलँड यांना त्याहून बरं काहीतरी हवं होतं. त्यांनी ऱ्होड आयलंडमध्ये लहान मुलांसाठी कापडी बाहुल्या बनवणाऱ्या मार्था जेंकिन्स चेस यांच्याकडे मागणी केली आणि १९११ मध्ये माणसाएवढी बाहुली शाळेत दाखल झाली. तिचं नावच ‘मिसेस चेस’ पडलं. खांदा, कोपर, खुबा आणि गुडघा या ठिकाणी ती वाकत असे. पेंढ्याच्या पुतळ्याला कूस देता येत नाही, खुर्चीत बसवता येत नाही. बाहुलीची खरी किंमत पहिल्यापासून तिच्या सांध्यांतच आहे. चेहरा थोडा खरवडला तरी शिकवणं अडत नाही, खुबा अडकला की निम्मा अभ्यासक्रम अडतो.

आधी सांध्याची जात ओळखा

नवीन बाहुली आली की तिला पलंगावर उताणी झोपवा, अंगावरचा गाऊन काढा आणि एकेक सांधा दोन बोटांच्या जोराने हलवून बघा. त्याहून जास्त जोर पहिल्या दिवशी लावायचा नाही. बघायचं एवढंच, की कोणता सांधा कोणत्या दिशेला जातो आणि कुठे थांबतो.

खांदा आणि खुबा आपल्या शरीरात उखळीचे सांधे आहेत, ते सगळीकडे फिरतात. कोपर आणि गुडघा बिजागरीचे, एकाच दिशेने उघडमिट करणारे. साध्या नर्सिंग बाहुलीत हे जसंच्या तसं नसतं आणि बहुतेक मोडतोड इथेच होते. बऱ्याच बाहुल्यांचा खुबा एका आडव्या बोल्टवर बसवलेला असतो. पाय पुढे-मागे जातो, बाजूला फारसा जात नाही. माणसाचा खुबा साधारण १२० अंशांपर्यंत पोटाकडे वाकतो आणि गुडघा १३५ अंशांच्या आसपास मिटतो. बाहुलीचा खुबा कित्येकदा ९० अंशांच्या आतच थांबतो. मुली पुस्तकातलं चित्र डोळ्यांसमोर ठेवून तो ‘बसवायला’ जातात आणि बोल्टभोवतालचं प्लॅस्टिक चिरतं.

म्हणून पहिल्याच दिवशी एक तक्ता करा. बाहुलीची साधी आकृती काढा आणि प्रत्येक सांध्यापाशी तो कोणत्या दिशेला किती जातो ते लिहा. कोनमापक नसला तरी चालेल, ‘कोपर काटकोनापर्यंत’, ‘मान उजवीकडे अर्धी’ असं मराठीत लिहिलं तरी पुरतं. तक्ता पलंगाच्या डोक्याशी लावून ठेवा. आमच्याकडे तो लागल्यापासून ‘मॅडम, हा पाय वळतच नाही’ ही तक्रार बंद झाली, कारण तो वळत नाही हे भिंतीवरच लिहिलेलं असतं.

दुसरी गोष्ट बघायची ती ही, की वाकवलेला सांधा जागेवर राहतो तो कशामुळे. काही सांधे घट्ट बसवलेल्या नट-बोल्टच्या घर्षणावर थांबतात. काहींच्या आत स्प्रिंग किंवा जाड इलॅस्टिकची दोरी असते आणि ती हात-पाय धडाकडे ओढून धरते. काही नुसतेच सैल लोंबतात, बेशुद्ध पेशंटसारखे, आणि ते मुद्दामच तसे केलेले असतात. खास करून उचलून नेण्याच्या सरावाच्या बाहुल्या अशा असतात. या तिघांची निगा वेगवेगळी आहे. सैल सांध्याला घट्ट करायला गेलात तर चांगली बाहुली बिघडवाल.

हात लावण्याआधी

साध्या नर्सिंग बाहुलीचं वजन साधारण १० ते २० किलो भरतं. बचावकार्याच्या सरावाची बाहुली ७०-८० किलोंचीही असते. अमेरिकेतली ‘नायॉश’ ही कामाच्या जागच्या सुरक्षिततेवर संशोधन करणारी संस्था सांगते, की पेशंटला हाताने उचलताना एका माणसावर ३५ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे १६ किलोंपेक्षा जास्त भार येऊ नये. बाहुलीसाठीही आम्ही तोच आकडा धरतो. त्यामुळे नियम सोपा आहे: पूर्ण बाहुली पलंगावरून हलवायची तर दोघीजणी, जड बाहुली असेल तर चौघी आणि चादर.

अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. नखं कापलेली हवीत. हे सगळं वॉर्डातही लागतंच. मऊ व्हिनाइलला बांगडीच्या कडेने पडलेली चीर बारीक दिसते, पण ती सांध्याच्या घडीवर असेल तर प्रत्येक वेळी सांधा वाकला की थोडी वाढते. पलंगाची चाकं लॉक करा. पलंगाची उंची आपल्या कमरेएवढी आणा, म्हणजे पाठही वाचते आणि वाकून ओढण्याचा मोहही होत नाही.

आता धरायचं कसं. एक हात सांध्याच्या वर, एक हात सांध्याच्या खाली. कोपर वाकवायचं तर एक तळवा दंडाखाली आणि दुसरा मनगटाच्या अलीकडे. गुडघा वाकवायचा तर एक हात मांडीखाली, दुसरा टाचेखाली. बोटांनी चिमटीत पकडायचं नाही, तळव्यावर तोलून घ्यायचं. सांध्यांचे व्यायाम देताना पेशंटला आपण असंच धरतो. आणि जिथे अडथळा जाणवेल तिथे थांबायचं. पेशंट ‘आई गं’ म्हणतो, बाहुली म्हणत नाही, म्हणून बाहुलीच्या बाबतीत आपल्या हाताला कळलं पाहिजे.

एकेक स्थिती कशी द्यायची

क्रम महत्त्वाचा आहे. आधी धड स्थिर करा, मग खुबे आणि गुडघे, त्यानंतर खांदे आणि कोपरं, सगळ्यांत शेवटी मान. मान आधी वळवून ठेवली आणि मग धड हलवलं तर डोक्याचं सगळं वजन वळलेल्या मानेवर येतं. मानेचा जोड बहुतेक बाहुल्यांत सगळ्यांत नाजूक असतो. आतून श्वासनळीची, अन्ननळीची नळी गेलेली असेल तर ती पिळवटते.

वर सरकवणं. जिथे आमचा खांदा गेला ते काम. बाहुलीखाली खांद्यांपासून मांड्यांपर्यंत आडवी चादर हवीच. दोघी दोन्ही बाजूंना उभ्या राहा, चादरीच्या कडा बाहुलीच्या अंगालगत गुंडाळून धरा, बाहुलीचे हात छातीवर ठेवा, उशी डोक्याकडच्या कठड्याला उभी लावा. ‘एक, दोन, तीन’ म्हणून एकाच वेळी सरकवा. चादर नसेल तर आधी चादर घालण्याचा सराव करा. हात ओढून सरकवण्याची वेळ कधीच यायला नको.

फाउलर्स, म्हणजे अर्धवट बसतं करणं. इथे मुली बाहुलीची पाठ उचलायला जातात. पलंगाचं डोकं वर करायचं असतं, बाहुलीला नाही. त्याआधी गुडघ्यांखाली उशी द्या किंवा पलंगाचा गुडघ्याकडचा भाग थोडा उचला. तसं केलं नाही तर पेशंट जसा खाली घसरतो तशीच बाहुलीही घसरते, आणि घसरताना तिच्या खुब्यावर तिरका ताण येतो. मग पलंग हळूहळू ४५ ते ६० अंशांपर्यंत चढवा. सेमी फाउलर्ससाठी ३० ते ४५ पुरतात. बाहुलीचा खुबा तेवढा वाकत नसेल तर ती पाटासारखी ताठ राहते आणि कमरेमागे पोकळी दिसते. त्या पोकळीत घडी केलेला टॉवेल भरा. दाबून बसवू नका. हात दोन्ही बाजूंच्या उशांवर टेकवा, म्हणजे खांद्याचा बोल्ट रिकाम्या हाताचं वजन पेलत बसत नाही.

कूस. पेशंटला आपल्याकडे वळवायचं असं धरा. आपल्या बाजूचा हात अंगापासून थोडा दूर करा. पलीकडचा हात छातीवरून अलीकडे आणा. पलीकडचा गुडघा वाकवा. बाहुलीचा वाकत नसेल तर तो पाय अलीकडच्या पायावर टाका. आता एक तळवा पलीकडच्या खांद्याच्या मागे, दुसरा पलीकडच्या कमरेवर, आणि दोन्ही हातांनी एकदम आपल्याकडे वळवा. खांदा आधी आणि कंबर मागून असं झालं की धड पिळतं. ज्या बाहुल्यांचं धड कमरेपाशी दोन भागांत जोडलेलं असतं, त्यांचा तो जोड अशा पिळानेच सैल होतो. वळवून झालं की पाठीमागे उशी, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी, वरच्या हाताखाली उशी. गुडघ्यांमधली उशी माणसाला दाबजखमेपासून वाचवते. बाहुलीत तिचा आणखी एक उपयोग आहे. बाहुलीचा खुबा आतल्या बाजूला वळत नाही, त्यामुळे वरचा पाय हवेत राहतो आणि सगळं वजन एका बोल्टवर लटकतं. उशी तो भार घेते.

लिथोटॉमी, म्हणजे प्रसूतीसाठी उताणं झोपवून दोन्ही पाय वाकवून वर ठेवणं. बाहुली मोडण्याची सगळ्यांत मोठी जागा हीच. प्रसूतीच्या सरावात घाईघाईने एक पाय उचलून स्टिरपमध्ये, म्हणजे पाय टेकवायच्या आधारात, टाकतात, मग दुसरा. खऱ्या बाईच्या कमरेला याने लचक भरते, म्हणून दोन्ही पाय एकाच वेळी उचलायचे असं आपण शिकवतो. बाहुलीचा ओटीपोटाचा कवचासारखा भागही असाच एका बाजूने पिळून चिरतो. दोघी दोन्ही बाजूंना उभ्या राहा. आधी गुडघे वाकवा, मग गुडघे वाकलेलेच ठेवून पाय पोटाकडे न्या, आणि मग एकाच वेळी स्टिरपमध्ये ठेवा. उतरवतानाही एकाच वेळी, हळू, गुडघे मिटलेले. तुमच्या तक्त्यात पाय बाजूला जात नाही असं लिहिलेलं असेल, तर त्या बाहुलीवर लिथोटॉमी शिकवूच नका. प्रसूतीसाठी फक्त कमरेचा साचा वेगळा मिळतो, तो वापरा.

पालथं झोपवताना मानेकडे लक्ष. माणसाची मान एका बाजूला वळवता येते, अनेक बाहुल्यांची पुरती वळत नाही. जबरदस्ती न करता पंच्याची चुंबळ करा, हंड्याखाली ठेवतात तशी, आणि कपाळ तिच्यावर टेकवा. नाक चेपत नाही आणि मानही सरळ राहते. घोट्यांखाली छोटी उशी द्या, नाहीतर पावलांची टोकं गादीत रुतून घोट्याचा जोड उलटा वाकतो.

खुर्चीत किंवा व्हीलचेअरमध्ये बसवायचं तर कमरेला ट्रान्स्फर बेल्ट (पेशंटला धरून हलवायचा पट्टा) बांधा आणि बेल्टलाच धरा. बगलेत हात घालून उचलू नका. बाहुली बसल्यावर तिरकी होऊन पुढे सरकत असेल तर तिचा खुबा काटकोनात येत नाही एवढाच अर्थ आहे. मागे घट्ट उशी द्या, पुढून सेफ्टी बेल्ट लावा आणि बाजूला कुणीतरी उभं ठेवा. जमिनीवर पडलेल्या बाहुलीचा पहिला फटका बहुधा डोक्याला आणि मानेला बसतो.

गाऊन घालणं आणि काढणं

यावर थोडंच सांगते. अर्धांगवायूच्या पेशंटला आपण लुळा हात आधी बाहीत घालतो आणि काढताना तो शेवटी काढतो. बाहुलीचा जो खांदा कमी वळतो तो ‘लुळा’ समजा आणि तोच क्रम ठेवा. बाहीत बाहुलीचा हात ढकलू नका. आपला हात बाहीच्या तोंडातून आत घालून बाहुलीचा पंजा धरा आणि बाही तिच्या हातावर चढवा. बोटं बाहीत अडकून उलटी वाकणं हे मी सगळ्यांत जास्त वेळा पाहिलेलं नुकसान आहे. गाऊन पांढऱ्या किंवा फिकट रंगाचा, चार-पाच वेळा धुतलेला असावा. नवीन गडद कपड्याचा रंग मऊ व्हिनाइलमध्ये उतरतो आणि तो परत निघत नाही.

कातडी आणि सांध्याची घडी

बहुतेक बाहुल्यांची कातडी मऊ केलेल्या पीव्हीसीची असते. नॉर्वेतल्या स्टॅव्हँगर शहरातले आस्मुंड लेर्डाल हे खेळणी बनवणारे. मऊ प्लॅस्टिकवर त्यांचा हात बसलेला होता, म्हणून १९६० मध्ये तोंडाने श्वास द्यायला शिकवणारी ‘रेसुसी ॲन’ ही बाहुली त्यांना करता आली. हे प्लॅस्टिक मऊ राहतं ते त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यामुळे. ते द्रव्य हळूहळू बाहेर येत असतं. जुनी बाहुली चिकट लागते ती याच कारणाने. आणि बाहेरची तेलं, शाई, रंग आत शिरतात तेही याच वाटेने. एवढं लक्षात ठेवलं की काय वापरायचं आणि काय नाही, हे पाठ करावं लागत नाही.

शिक्षक म्हणून माझी हात जोडून विनंती आहे: बाहुलीवर बॉलपेनने खुणा करू नका. इंजेक्शनची जागा दाखवायला मुली नितंबावर चौकोन आखतात. ती शाई आठवड्याभरात आत झिरपते आणि पसरते. कागदाची पट्टी सांध्यापासून दूर, तासापुरती लावा आणि तिच्यावर आखा. बाहुलीखाली वर्तमानपत्र अंथरू नका, त्यात गुंडाळूही नका, अक्षरं उलटी उमटलेली बाहुली मी पाहिली आहे. बीटाडीनऐवजी सरावासाठी साधं पाणी वापरा. ॲसिटोन, थिनर, रॉकेल, नेलपॉलिश रिमूव्हर कातडीला लावायचंच नाही.

रोज साबणाच्या सौम्य कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ फडक्याने पुसा, मग साध्या ओल्या फडक्याने, मग कोरड्याने. सांध्याची घडी उघडून पुसायची. बगल, जांघ आणि गुडघ्याची मागची बाजू इथे टाल्कम पावडर, धूळ आणि घाम यांचा काळपट थर बसतो आणि तो वाळूसारखा घासतो. तो निघाल्यावर कातडी पूर्ण सुकू द्या आणि बिनवासाची टाल्कम पावडर अगदी बोटाच्या टोकाने पसरून लावा. जास्त लावली की पुन्हा तोच थर.

कॅथेटर, एनिमा किंवा राईल्स ट्यूबचा (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीचा) सराव असेल तर व्हॅसलीन आणि खाण्याचं तेल चालत नाही. कंपनीने दिलेलं वंगण वापरा, ते नसेल तर पाण्यात विरघळणारी जेली. सराव संपला की आतल्या पिशव्या आणि नळ्या रिकाम्या करा. स्पंजबाथच्या दिवशी मात्र खरी परीक्षा असते. पाणी खांद्याच्या आणि खुब्याच्या फटीतून आत जातं, बोल्टपाशी साठतं, आणि महिन्याभराने तिथून गंजाचं लाल पाणी गळतं. म्हणून स्पंजबाथला फडकं पिळून घ्या, ओतून पाणी वापरू नका. नंतर बाहुलीला दोन्ही कुशींवर दहा-दहा मिनिटं ठेवा, पाणी बाहेर येऊ द्या, आणि पंख्याखाली सांधे सरळ ठेवून सुकवा. पावसाळ्यात याला पूर्ण दिवस लागतो. उन्हात वाळवू नका, हेअर ड्रायर लावू नका.

सैल झालेला सांधा

हात वर करून सोडला की धपकन खाली पडतो, अशी वेळ प्रत्येक लॅबमध्ये येते. कुणीतरी लगेच शिवणयंत्राचं तेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे आणतं. थांबवा त्यांना. घर्षणावर थांबणाऱ्या सांध्यात तेल घातलं की त्याची धरून ठेवायची ताकदच जाते, आणि पेट्रोलजन्य तेल आजूबाजूचं व्हिनाइल फुगवतं ते वेगळंच. करकर वाजणाऱ्या सांध्यालाही आधी साफसफाई, मग कोरडी पावडर. एवढं करूनही प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घासत असेल, तर कंपनीच्या माहितीपत्रकात सिलिकॉन वंगणाला परवानगी आहे का ते बघा आणि असली तर एक थेंब.

सांधा घट्ट करायची पद्धत अशी.

१. हात किंवा पाय उशीवर टेकवा, म्हणजे बोल्टवर भार राहणार नाही.

२. बोल्टचं तोंड शोधा. बहुतेक वेळा ते प्लॅस्टिकच्या टोपणाखाली लपलेलं असतं. टोपण चपट्या लाकडी काडीने उचका, स्क्रू ड्रायव्हरने नको.

३. एका बाजूला पाना, दुसऱ्या बाजूला ॲलन की किंवा दुसरा पाना. एकच बाजू फिरवली तर बोल्ट आतल्या आत फिरतो आणि भोक मोठं होतं.

४. पाव फेराच घट्ट करा. मग हात ४५ अंशांवर नेऊन सोडा. जागेवर थांबला आणि दोन बोटांनी हलवता आला, तर झालं. नाही थांबला तर आणखी पाव फेरा. तीन-चार वेळा करूनही सैलच असेल तर वायसर झिजलेलं आहे. ते बदला, नट आवळत बसू नका.

५. शेवटी नट आणि बोल्ट दोन्हींवरून जाणारी नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा, फक्त लोखंडावर. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की नट सैल झाल्याचं न खोलता कळतं.

सुटे भाग आणताना आटे जुळतात का ते बघा. बाहेरून आलेल्या बाहुल्यांचे बोल्ट मिलिमीटरच्या मापाचे असतात आणि हार्डवेअरच्या दुकानात कधी जवळपासचं इंची माप हातात पडतं. ते सुरुवातीचे दोन आटे जातं, मग अडतं, आणि जोर केला की आतली पितळी चकती निकामी होते. जुना नट खिशात घालूनच दुकानात जा. कोकणात आणि गोव्यात शक्य तिथे स्टेनलेस स्टीलचेच घ्या. दोनदा खोलायचा सांधा असेल तर नायलॉक नट नवा घाला. त्याच्या आतली नायलॉनची कडी पकड धरते आणि उघडल्यावर ती पकड कमी होते.

इलॅस्टिकची दोरी असलेल्या बाहुलीचा हात खोलायचा असेल तर दोघींनी करा. एकीने दोरी जाड आकड्याने बाहेर ओढून धरायची, दुसरीने हात सोडवायचा. सुटलेली दोरी धडात गेली की ती बाहेर काढायला अख्खी दुपार जाते. चिरलेल्या कातडीला झटपट चिकटणारा गोंद लावू नका. तो दगडासारखा कडक होतो आणि पुढच्या वाकण्यात त्याच्या शेजारी नवी चीर पडते. सांध्यावरची चीर म्हणजे तो भाग बदलायचा.

आतून वायर गेलेली, मॉनिटरला जोडलेली बाहुली असेल तर ती स्वतः उघडायच्या फंदात पडू नका. वळवण्याआधी केबल काढा आणि पुरेशी सैल आहे ना ते बघा. छाती दाबण्याच्या सरावाची बाहुली कडक जमिनीवर ठेवा. गादीवर ठेवली तर ५ ते ६ सेंटिमीटरचा दाब नेमका किती पडला ते कळत नाही, आणि मिनिटाला १०० ते १२० दाबांच्या लयीत धड सरकून मानेचा जोड हलत राहतो.

ऊन, पाऊस आणि रात्रीची जागा

चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. आमची जुनी स्टोअर रूम पत्र्याखाली होती. सुट्टीआधी कुणीतरी बाहुली खुर्चीत बसवलेली राहिली आणि जूनमध्ये उघडलं तेव्हा तिचे गुडघे तसेच वाकलेले होते. मऊ प्लॅस्टिकने उष्णतेत तो आकार धरला होता. सरळ करायला गेल्यावर गुडघ्याच्या मागे पांढऱ्या रेषा उमटल्या. आम्ही तिला भिंतींच्या खोलीत गादीवर झोपवलं, गुडघ्यांवर दोन मऊ उशा ठेवल्या आणि दहा-बारा दिवसांत बराचसा वाक गेला. पांढऱ्या रेषा मात्र गेल्या नाहीत.

म्हणून रात्री, आणि सुट्टीत तर नक्कीच, बाहुली उताणी आणि सरळ. हात अंगालगत, कोपर किंचित मोकळं, पाय सरळ, मानेखाली पातळ घडी. बोटं आणि कातडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये पांढरं सुती फडकं. खांद्याला दोरी बांधून टांगू नका, पावलांवर उभी ठेवू नका, एका बाहुलीवर दुसरी ठेवू नका. वरून पांढरी चादर, प्लॅस्टिकचं कव्हर नको, कारण आत ओल कोंडते. कपाटात डांबराच्या गोळ्याही नकोत. त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडतं आणि वास वर्षभर जात नाही. रबरी हातमोजे, रबरी चादर बाहुलीच्या अंगाला लागून ठेवू नका, दोन्ही एकमेकांना डाग पाडतात.

कोकणात जूनच्या पहिल्या पावसाआधी आम्ही सगळे बोल्ट एकदा बघतो, टोपणं काढून, कोरड्या फडक्याने पुसून. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो आणि आठवड्यातून एकदा कपाट दुपारभर उघडं टाकतो. घडीत काळे ठिपके दिसले तर ती बुरशी. साबणाच्या पाण्याने लगेच पुसून सुकवा. आठवडा गेला की ठिपक्याचा डाग होतो.

एका वहीत बाहुलीचा इतिहास ठेवा. तारीख, कोणत्या सांध्याचं काय केलं, किती फेरे आवळलं, कोणता भाग बदलला. आमच्या वहीचं पहिलं पान त्या उजव्या खांद्याचं आहे. आतली चकती फुटली होती, नवी मागवली, ती यायला सहा आठवडे लागले. बसवायला मी त्याच मुलीला बोलावलं. तिने एका हाताने दंड आणि दुसऱ्याने मनगटाची अलीकडची बाजू धरून हात उखळीत नेला, मी पाना फिरवला, आणि वहीत शेवटची ओळ तिनेच लिहिली: ‘उजवा खांदा, ४५ अंशांवर थांबतो.’